बिडाच्या तव्याचा कान

मी, श्रीमती शीला धाकू राऊळ, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव पाच वाजता येणार आहे, म्हणून जेवणं आटोपल्या आटोपल्याच लिहायला बसले.

येत्या गुरुवारी ठाण्याच्या इस्पितळात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील. मी शुद्धीवर असल्याचा दाखला त्यांच्याकडूनच आणला आहे, तो सोबत जोडला आहे. अक्षर हलतंय ते हातामुळे, डोक्यामुळे नव्हे.

माझा एकुलता एक मुलगा विनीत घोडबंदर रोडला राहतो. तो आज बक्षीसपत्राचा कागद घेऊन येतो आहे. हा राहता फ्लॅट मी त्याला जिवंतपणीच बक्षीस द्यायचा आणि उद्या सकाळी कल्याणला रजिस्ट्रारसमोर जाऊन फोटो नि अंगठा द्यायचा, असं ठरलं आहे. ठरवलं त्यानेच, माझ्या वाटचंही. फोनवर म्हणाला, "आई, ऑपरेशनच्या आधी झालेलं बरं. नंतर तुला धावपळ नको." नंतर म्हणजे कशानंतर रे, असं विचारलं तर त्याने फोन ठेवला.

त्या कागदावर माझी सही झाली, की माझी सून योगिनी आणि नात श्रिया यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. दोघी गेल्या होळीपासून माझ्याजवळ राहतात. आत्ता योगिनी श्रियाला घेऊन चित्रकलेच्या क्लासला गेली आहे. ती यायच्या आतही मला हे उरकायचं आहे, कारण तिला यातलं काही माहीत नाही, आणि कळलं तर ती माझ्या हातातलं पेन काढून घेईल. शेजारचे हरिहरभाऊ सबनीस आणि खालच्या मजल्यावरची आसावरी गुप्ते साक्षीला म्हणून हॉलमध्ये बसले आहेत. हरिहरभाऊ दर थोड्या वेळाने खाकरतात. म्हणजे आटपा. आटपतेच आहे हो, मृत्युपत्र आहे, वाण्याची यादी नाही.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि हेच शेवटचं. याच्यानंतरचा कुठलाही कागद कोणी दाखवला, तर त्यावेळी मला भूल दिलेली होती असं खुशाल समजावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हरिहरभाऊंनी करावी. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असून कोणाच्याही भिडेला बळी पडत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सर्वांनी भोगलेलं आहे.

२. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते श्रियाच्या शिक्षणासाठी. माझ्या पाटल्याही तिलाच. तिने त्या मोडून कानातलं काही फॅशनचं केलं तरी माझी हरकत नाही. मात्र मोडताना योगिनीला सोबत न्यावं, सोनाराकडे एकटीने जाऊ नये.

३. बिडाचं आप्पेपात्र आसावरीला द्यायचं माझ्या मनात होतं. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, असं हरिहरभाऊंनी कायदा काढून सांगितलं. म्हणून ते मी आत्ताच उठून तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं आहे. "अहो मावशी, असं काय करता, नको ना," म्हणत ती डोळे पुसते आहे. आसावरी, रडून घे, पण त्याला साबण लावू नकोस.

४. माझे धाकटे दीर आनंदभावजी यांनी आमची बिडाची कढई गावी गणपतीत भाजी करायला म्हणून नेली. तो गणपती कोणता हे आता त्या गणपतीलाही आठवत नसेल. कढई परत आली नाही. विचारलं की म्हणायचे, "वहिनी, पुढच्या खेपेला नक्की." त्या कढईवरचं झाकण माझ्याकडे आहे. ते आनंदभावजींना पोचतं करावं. उगाच त्यांची भाजी उघडी राहायला नको.

५. आता तव्याकडे येते. हे लिहिताना तो माझ्यासमोर शेगडीवर आहे.

माझे यजमान कै. धाकू राऊळ हे मानपाड्याजवळच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळू दाबून साचा करायचा आणि वितळलेलं बीड त्यात ओतायचं, हे त्यांचं काम. दिवसभर पंपांचे नि मशिनांचे भाग ओतायचे. हा तवा मात्र त्यांनी साहेबांची परवानगी काढून माझ्यासाठी ओतला. घरी आणला तेव्हा खरखरीत, राखाडी, वजनाला धोंडा. मी म्हटलं, "हा उचलणार कोण?" तर म्हणाले, "उचलूक नको गो. ठेव चुलीर, आणि वापर. ह्यो तवो तुझ्या नातवंडांक पुरतलो."

पहिलं घावन चिकटलं. दुसरंही चिकटलं. माझा संताप झाला होता. पण अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून रोज फिरवत गेले, आणि एके सकाळी झाकण काढलं तर घावनाची कड आपोआप सुटून वर आली होती. जाळी अशी, की पलीकडचं दिसावं. तेव्हापासून या तव्याने मला कधी तोंडघशी पाडलेलं नाही. बीड सावकाश तापतं, हे खरं आहे. पण एकदा तापलं की धीर सोडत नाही. गार पीठ ओतलं तरी त्याची धग उतरत नाही. म्हणून घावनाला ती जाळी पडते, म्हणून भाकरीला तो खरपूस वास येतो, आणि म्हणून गॅस बंद केल्यावरही शेवटची भाकरी त्याच्यावर नीट भाजून निघते. नॉनस्टिकच्या तव्याला पहिल्या दिवशी जेवढी अक्कल असते त्याहून पुढे कमीच होत जाते. बीड रोज काहीतरी शिकतं.

आणि हा तवा माझ्या सुनेने घासला.

लग्न होऊन आल्याचा पहिलाच आठवडा होता, तेव्हा दोघं इथेच माझ्याजवळ राहायची. मी देवळात गेले होते. परत येऊन बघते तर तारेची घासणी नि पावडर लावून तिने तो पार राखाडी करून ठेवलेला. इतक्या वर्षांचं काळं साफ उतरवलं. वर भिजत घातलेला. मला म्हणते कशी, "आई, बघा ना, किती काळा झालेला. चकाचक केला." सकाळपर्यंत त्याला लालभडक गंज चढला होता. मी तिला एक शब्द बोलले नाही, आणि पुढेही बरेच दिवस एक शब्द बोलले नाही. विनीत म्हणाला, "अगं आई, एका तव्यासाठी? नवीन आणू ना. भंगारात टाक तो." त्याचं ते वाक्य मला जास्त लागलं. का लागलं, ते आठव्या कलमात येईल.

योगिनीने माफीबिफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायच्या आधी ती तव्याला तेलाचं बोट लावायची, मंद आचेवर ठेवायची, धूर निघाला की उतरवायची, पुसायची. संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. कोणाला विचारलं नाही की कोणाला दाखवलं नाही. कुठून शिकली कोण जाणे. मी मुद्दाम बघायचं नाही असं ठरवलेलं, पण स्वयंपाकघर केवढं ते. तवा आधी तपकिरी झाला, मग चॉकलेटी, मग काळा. पावसाळा संपत आला असताना एका रविवारी माझ्या ताटात तिने घावन वाढलं. अख्खं होतं आणि जाळीदार होतं. मी ते खाल्लं आणि म्हटलं, "मीठ कमी आहे." ती हसली. त्या दिवसापासून ती माझी मुलगी आहे. हे मी तिला तोंडाने कधीच सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

६. फ्लॅट.

हा फ्लॅट यजमानांनी सुरुवातीपासून माझ्या एकटीच्या नावावर घेतला. शेअर सर्टिफिकेट कपाटात लाल साडीच्या खाली आहे. तो मी योगिनी हिला, तिच्या एकटीच्या मालकीने, देत आहे. ती माझी सून आहे म्हणून नव्हे. तिचं नि विनीतचं लग्न राहो अगर न राहो, फ्लॅट तिचाच. हे वाक्य हरिहरभाऊंनी दोनदा वाचून "पक्कं आहे" म्हणून सांगितलं.

कारण लिहायची कायद्याने गरज नाही, पण मला आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात योगिनी, तिच्या हाताला श्रिया, आणि एक बॅग. घोडबंदरवरून ट्रॅफिकमध्ये रिक्षात कितीतरी वेळ बसून आलेल्या, तोंडं सुकलेली. मी पाणी दिलं. काय झालं ते रात्री श्रिया झोपल्यावर कळलं. कशावरून तरी वाद झाला, तो तसा नेहमीचाच होता. पण या खेपेला विनीत तिला म्हणाला, "घर माझ्या नावावर आहे. पटत नसेल तर दार उघडं आहे." तीही पगार आणत होती, पण कागदावर नाव याचं एकट्याचं. ती उठली आणि दारातून बाहेर पडली.

माझा मुलगा हे बोलला. माझ्या पोटचा. मला त्या रात्री लाज वाटली, आणि राग इतका आला की छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणतात, तेव्हापासूनच सुरू झालं असावं.

मी त्याला फोन केला. म्हटलं, "विनीत, ये आणि घेऊन जा तिला." तर म्हणतो, "तिने यावं ना. मी कुठे हाकललंय? तूच तिला डोक्यावर बसवून ठेवलंयस." मग हळूहळू फ्लॅटचं सुरू झालं. डोंबिवलीचा विकून टाकू, तू माझ्याकडे ये, बाविसावा मजला, खाडी दिसते, तुला स्वतंत्र खोली. मी विचारलं, "आणि त्या दोघी?" म्हणाला, "तिचा भाऊ आहे ना शीळफाट्याला." भाऊ आहे. भावाच्या घरी भावजय आहे, तिचे आईवडील आहेत, आणि दोन खोल्या आहेत.

आज सकाळी भाकऱ्या करता करता योगिनी मला म्हणाली, "आई, कल्याणला एक खोली बघून आले. तुमचं ऑपरेशन झालं, तुम्ही हिंडूफिरू लागलात, की आम्ही जातो. माझ्यामुळे तुमच्या मायलेकांत वितुष्ट नको." बोलताना भाकरी उलटली, फुगली, तिने ती माझ्या ताटात टाकली. लिहायचं मनात होतंच, पण ते आजच लिहायचं असं तेव्हा ठरवलं.

योगिनी, तुला आजवर एका घरातून जायला सांगितलं, आणि या दुसऱ्यातून तू आपणहून निघाली आहेस. या घरातून तुला जा म्हणायचा अधिकार माझ्यामागे कोणालाही राहणार नाही. जायचं तर तुझ्या मर्जीने जा, कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून.

७. तव्याची निगा. तवा पुढे कोणाच्याही हातात असो, हे पाळावं. साबण नाही. भिजत घालणं नाही. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही. बीड गंजलं तर परत आणता येतं, योगिनीने आणून दाखवलं आहे. तडकलं तर मात्र ते गेलं, त्याला डाग देऊन सांधता येत नाही. टोमॅटो, चिंच असलं आंबट त्यावर शिजवायचं नाही. आणि नुसता जपून कपाटात ठेवायचा नाही. बीड न वापरल्याने बिघडतं.

८. हा तवा मी माझा मुलगा विनीत याला देत आहे.

हरिहरभाऊंनी हे वाचून चष्मा काढला. "शीलाताई, इथे काही चुकलं का?" चुकलेलं नाही.

विनीत, तू पाच वर्षांचा होतास. खंडेनवमीला फाउंड्रीत मशिनांची पूजा असायची, झेंडूच्या माळा लावायचे, आणि कामगारांनी बायकामुलांना आणायची पद्धत होती. तुझे बाबा तुला कडेवर घेऊन आत गेले. त्यांनी एक साचा आदल्या दिवशी दाबून ठेवला होता. तुला म्हणाले, "दाब रे हंय, जोरान." तव्याचा कान जिथे येणार, तिथे त्यांनी तुझा अंगठा ओल्या वाळूत दाबला. सुट्टी संपल्यावर त्यात बीड ओतलं. रेषाबिषा काही उमटल्या नाहीत, वाळू जाडी. पण वाळूत खड्डा पडलेला, म्हणून तव्याच्या कानावर उंचवटा आला, चिंचोक्याएवढा. तोच हा तवा. फडक्याने कान धरला की माझा अंगठा रोज बरोब्बर त्याच्यावर येतो. तुला हे आठवत नाही हे मला माहीत आहे. "भंगारात टाक" म्हणालास तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला रडू आलं असतं आणि तुझ्यासमोर मला रडायचं नव्हतं.

उद्या तू माझा अंगठा घ्यायला मला कल्याणला नेणार आहेस. तुझा माझ्याकडे किती वर्षांपासून आहे, ते बघून घे.

अट एकच. माझ्यामागे तवा याच शेगडीवर, योगिनीच्या ताब्यात राहील. तुला हवा असेल तेव्हा तू स्वतः इथे यायचं, बेल वाजवायची आणि तो योगिनीकडे मागायचा. माणूस पाठवून नाही, मेसेज करून नाही, तोंडाने. वर्षभरात आला नाहीस तर तवा श्रियाचा.

९. माझ्या दिवसकार्याला

बेल वाजली. पाच वाजायला अजून अवकाश आहे. आज नेमकी घोडबंदरला गर्दी नसावी.

आसावरी दाराशी गेली आणि भिंगातून बघून तशीच परत आली. म्हणते, "मावशी, विनीत आलाय. आणि योगिनी, श्रियापण. लिफ्टमध्येच भेटले वाटतं. काय करू?" अजून माझी सही झालेली नाही. मी म्हटलं, तू बस. पुन्हा बेल वाजली. मग दार उघडल्याचा आवाज आला. योगिनीने तिच्या किल्लीने उघडलं. विनीत तिच्या मागून आत आला.

१०. हे कलम विनीत माझ्यासमोर उभा असताना लिहीत आहे, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की त्याच्या पाठीमागे केलं.

त्याच्या हातात निळी फाइल आहे. हरिहरभाऊंना बघून त्याच्या लक्षात आलं. त्याने माझ्यासमोरचे कागद उचलले आणि वाचले. मी वाचू दिले. सहाव्या कलमापाशी त्याचा चेहरा लाल झाला.

"आई, सही करू नकोस."

"का?"

"म्हणजे मी तुझा कोणीच नाही का? उद्या लोक काय म्हणतील? आईने मुलाला बाहेर काढलं?"

"लोकांना तू सांग, दार उघडं आहे म्हणून."

योगिनी दारातच उभी होती. ती म्हणाली, "आई, हे काय चाललंय? मला काही नको आहे. मी सकाळीच सांगितलं ना तुम्हाला." मी म्हटलं, "तुला कोणी विचारलं नाही. श्रियाला भूक लागली असेल, पीठ भिजवलेलं आहे, घावन घाल." माझा आवाज चढला असणार, कारण हरिहरभाऊ पाणी घेऊन आले. छातीत धडधडत होतं. ऑपरेशन गुरुवारी आहे, रविवारी कशाला मरू, असं मनात म्हटलं आणि बसून राहिले.

योगिनीने गॅस पेटवला. कांदा फिरवला. पीठ ओतलं, तव्याचा चुर्र आवाज आला. विनीत उभ्याउभ्याच पुढचं पान वाचत होता. आठवं कलम त्याने वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कागद टेबलावर ठेवले. मग शेगडीपाशी जाऊन, तव्याकडे बघत म्हणाला, "फडकं दे जरा."

ते तो मला म्हणाला नव्हता. होळीनंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

योगिनीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरचं फडकं दिलं. त्याने तव्याचा कान धरला, श्रियाचं घावन ताटात उतरवलं. मग फडकं बाजूला सरकवून उजव्या हाताचा उघडा अंगठा त्या उंचवट्यावर ठेवला.

"अरे, तापलंय ते, भाजेल," मी ओरडले.

"भाजू दे," म्हणाला.

मी लिहिलेलं एक अक्षरही बदललेलं नाही, आणि बदलणारही नाही. फ्लॅट योगिनीचा. तवा विनीतचा, आठव्या कलमातल्या अटीसह, कारण फडकं मागणं म्हणजे तवा मागणं नव्हे. नववं कलम अर्धंच राहिलं, ते तसंच असू दे, दिवसकार्याचं तुम्ही बघून घ्या. आता सही करते.

(सही) शीला धाकू राऊळ

वरील मजकूर श्रीमती शीला राऊळ यांनी स्वहस्ते लिहिला, आम्हा दोघांच्या समक्ष मोठ्याने वाचून दाखवला आणि पूर्ण शुद्धीवर राहून आमच्यासमोर सही केली. त्यांच्या समक्ष आम्ही खाली सह्या करीत आहोत.

साक्षीदार १: (सही) हरिहर सबनीस
साक्षीदार २: (सही) आसावरी गुप्ते

स्थळ: डोंबिवली पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

नोंद: सह्या चालू असताना श्री. विनीत राऊळ यांनी डाव्या हातात पेन घेऊन आपणही साक्षीदार म्हणून सही करतो असे सांगितले. या मृत्युपत्रान्वये त्यांना तवा मिळणार असल्याने त्यांची सही घेता येत नाही, हे त्यांना समजावून दिले. ह. स.